होय, मी आशावादी आहे!

माझ्यावर एक आरोप आहे आणि तो मला मान्य आहे. मी महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचा भक्त आहे. मुंबईचा नव्हे, विदर्भाचा नव्हे, आणि उन्हाळ्यात विजेच्या झगमगाटात खेळणाऱ्या, लिलावात जमवलेल्या संघांपैकी तर कोणाचाच नव्हे. रणजी करंडकाच्या यादीत मुंबई आणि विदर्भ वजा जाता जो महाराष्ट्र उरतो, पुण्या-नाशिकचा, सोलापूर-कोल्हापूरचा, त्याचा मी भक्त. दर दिवाळीला आकाशकंदील टांगताना मी घरात जाहीर करतो, “यंदा करंडक आपला!” सौभाग्यवती चकल्या तळता तळता म्हणतात, “गेल्या वर्षीच्या कंदिलाबरोबर हे वाक्यही माळ्यावर जपून ठेवलं होतं वाटतं!”

घरच्यांचे हसणे मी फराळाबरोबर गोड मानून घेतो. पण शिक्षकखोलीतल्या शहाण्यांचे काय? आमच्या गणिताच्या सरांनी एकदा माझ्यासमोर हिशेबच मांडला. “महाराष्ट्रानं करंडक जिंकला दोनदा. 1939-40 आणि 1940-41. त्यापुढं 2024 पर्यंत मुंबईच्या नावावर 42 करंडक. तुमच्या वडिलांनी आशा केली, तुम्ही करता, उद्या तुमचा मुलगा करील. अहो सर, हा आशावाद नव्हे, हा आनुवंशिक विकार आहे!”

सगळे हसले. मीही हसलो. मी पडलो मॅट्रिक झालेला चित्रकलेचा शिक्षक. कादंबऱ्या लिहिल्याने कोणाचे गणित सुधारत नाही. परंतु त्या हसण्याचे उत्तर देण्याचे राहून गेले होते, ते आज या पानांवरून देतो.

वाचकहो, पहिली गोष्ट अशी की आशा म्हणजे भविष्य नव्हे. भविष्य सांगणाऱ्याचे भाकीत चुकले की तो उघडा पडतो. आशा करणारा चुकला, तर पुढच्या सामन्याला पुन्हा हजर होतो. मला महाराष्ट्राच्या पराभवांची माहिती नाही, असे का या मंडळींना वाटते? मला ते तोंडपाठ आहेत! 1970-71 च्या अंतिम सामन्यात मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले होते, तरीही आपण मुंबईशी हरलो. 1992-93 ला अंतिम सामन्यात पंजाबने हरवले. 2014 च्या जानेवारीत वानखेडेवर आपण पहिल्या डावात मागे पडूनही मुंबईला आठ गडी राखून लोळवले. केदार जाधवने त्या हंगामात 1223 धावा काढल्या. त्या रात्री मी आळीत पेढे वाटले. पुढे हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकाने आपल्याला सात गडी राखून हरवले आणि त्याच आळीतून मी मान खाली घालून शाळेत गेलो. इतके सगळे ठाऊक असून मी आशा करतो. अज्ञानातून आलेली आशा मूर्खपणाची असेल; ही तसली नाही.

दुसरी गोष्ट. हिशेबच काढायचा, तर पुरता काढा. 1940-41 च्या हंगामात पुण्याला मुंबईने 650 धावा केल्या. 650! आमचे गणिताचे सर तिथे असते तर तेवढ्यावरच वही मिटून घरी गेले असते. पण महाराष्ट्राचा कर्णधार होता दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयातला संस्कृतचा प्राध्यापक. वय वर्षे 48. म्हणजे आपल्याकडे माणसे गुडघ्यांना तेल चोळू लागतात ते वय. त्या माणसाने 246 धावा काढल्या, महाराष्ट्राने 675 केल्या, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई गारद झाली. अठ्ठेचाळिशीच्या प्राध्यापकाकडून त्या दिवशी कोणत्या हिशेबाने अपेक्षा धरायची होती?

1948 च्या डिसेंबरात पुण्यालाच भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम फक्त नऊ धावांवर होता. जेवणाच्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! त्या माणसाला पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्या डावाची आठवण कोणी ठेवली? करंडक मोजणाऱ्यांनी नव्हे. आमच्यासारख्या विकारग्रस्तांनी ठेवली. आमचे अण्णा ती गोष्ट सांगू लागले की त्यांच्या हातातला चहा निवून जाई.

त्याच हंगामाची आणखी एक कथा. 1949 चा मार्च, पुणे, उपांत्य सामना. पुन्हा मुंबईशी गाठ. मुंबईच्या धावा 651 आणि 714, महाराष्ट्राच्या पहिल्या डावात 407. जिंकायला हव्या होत्या 959. नऊशे एकोणसाठ! महाराष्ट्राच्या फलंदाजांना काय आकडे कळत नव्हते? पण ते पॅड बांधून उतरले आणि त्यांनी 604 धावा केल्या. सामना 354 धावांनी गेला. आता मला सांगा, ते 604 कोणत्या रकान्यात लिहायचे? जिंकणाऱ्याच्याच मागे जाणाऱ्यांच्या वहीत त्याला रकानाच नाही. माझ्या वहीत पहिले पान त्याचेच आहे.

माझा खरा राग आहे तो या वहीवर. जिंकेल तो आपला, ही वृत्ती आता व्यवहारज्ञान म्हणून मिरवते. हे लोक खेळाचे प्रेमी नव्हेत, निकालाचे गिऱ्हाईक आहेत. 2017-18 मध्ये विदर्भाने प्रथमच करंडक जिंकला, लागोपाठ दुसऱ्या वर्षीही जिंकला, 2024-25 ला तिसऱ्यांदा जिंकला. तेव्हा नागपूरकरांचे अभिनंदन करायला हीच मंडळी पुढे. पण त्याआधी साठ वर्षे विदर्भ खेळतच होता ना? त्या साठ वर्षांत जे मैदानाच्या कडेला उन्हात बसले, त्यांना हे काय म्हणत होते? तिकडे अमेरिकेत शिकागोच्या कब्ज नावाच्या बेसबॉल संघाने 1908 नंतर थेट 2016 साली अजिंक्यपद मिळवले. एकशे आठ वर्षे! जपमाळेचे मणीच. आशा करता करता तिथे पिढ्या संपल्या, पण ती पुढच्यांच्या हाती देऊन संपल्या.

आता हे सारे मला आजच का सुचले, ते सांगतो. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा आहे. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. पोरगा डावखुरा फिरकी गोलंदाज. चेंडू असा वळवतो, की चित्रकलेच्या तासाला मी त्याला वर्तुळ काढायला सांगत नाही, ते त्याला येतेच! 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर तो मला म्हणाला, “सर, आपल्याकडून खेळून काय होतंय? मुंबईला मामा आहे माझा. तिकडं जाऊ का?”

वाचकहो, मी निरुत्तर झालो. गणिताच्या सरांचा तो हिशेब पोराच्या तोंडून बाहेर येत होता. शिक्षकखोलीतले हसणे कुठवर पोचते, ते मला त्या दिवशी कळले. ज्या संघाबद्दल वडीलधारी माणसे हसतात, त्या संघासाठी कोणते पोर घाम गाळील?

त्याच सुमारास हंगाम सुरू झाला. पहिला सामना केरळशी, तिरुवनंतपुरमला. गणिताच्या सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “शून्यावर तीन, सर!” मग पाचावर चार. मग अठरावर पाच. “यंदा करंडक आपला ना?” मी काही बोललो नाही. पण मैदानात ऋतुराज गायकवाड उभा होता. त्याने 91 काढल्या, जलज सक्सेनाने 49. डाव 239 पर्यंत गेला. केरळ 219 वर संपले. वीस धावांची आघाडी! सामना अनिर्णित राहिला.

दिवाळीची सुट्टी लागली होती, तरी तो मुलगा सायकल मारीत घरी आला. मी त्याला चिवड्याची बशी दिली आणि सगळी धावसंख्या क्रमाने सांगितली. शून्यावर तीनपासून. त्याने खाता खाता विचारले, “अठरावर पाच असताना पण तुम्हाला वाटत होतं का सर?”

“वाटत होतं,” मी म्हणालो.

“मग मी मामाला काय सांगू?”

“सांग, यंदा नाही येत म्हणून.”

तो हसला. पण ते शिक्षकखोलीतले हसणे नव्हते.

उद्या तो खरोखर मुंबईला गेला, तर मी त्याला दोष देणार नाही. पोटाचे आणि संधीचे प्रश्न माझ्या भक्तीहून मोठे आहेत. पण इथे राहून काही होत नाही, हे मी त्याला सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगू देणार नाही.

तेव्हा ज्यांना हसायचे आहे, त्यांनी खुशाल हसावे. लाडू मात्र तोंडात असताना हसू नये, ठसका लागतो. कंदील टांगून झाला आहे. यंदा करंडक आपला!