नामीला कुणी गप्प बसवलं नाही



आपल्या भागातलं कुणी चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातं, कुणी पुण्याला, कुणी आखातात. पैसे वेळेवर येतात. पण इथे मागे राहिलेल्या सुनेची झोप उडते, आणि तिकडे मुलगा खोलीवर न जेवता बसून राहतो. आपण काय सांगतो? ‘विश्वास कमी पडतोय. रोझरी कर, बरं वाटेल.’ आमचा विरोध रोझरीला नाही. रोझरी पुढे करून दुसऱ्याचं तोंड बंद करण्याला आहे.

दुष्काळात नामी नवरा आणि दोन मुलांसह बेथलेहेम सोडून मवाबात गेली. तिघेही तिकडेच वारले. परतल्यावर तिने गावातल्या बायांसमोर उघड सांगितलं, की देवाने माझं आयुष्य कडू केलं. रूथने तिला उपदेश केला नाही. सोबत केली, शेतात सरवा वेचून तिला खाऊ घातलं. एलिया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याचा विश्वास तपासला नाही. दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं.

काही जण म्हणतात, घरचं दुःख चारचौघांत काढलं की अब्रू जाते. मग पवित्र शास्त्राने नामीचं गाऱ्हाणं झाकून का ठेवलं नाही?

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. त्यांनी तारणाची कथा इथल्या लोकांच्या ओवीत सांगितली. गोवा सोडून कॅनरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपलं. १९०७ साली ते मंगळुरात पुन्हा छापलं. परक्या मुलखात माणसाला आपल्या बोलीतली कथा लागते. माहितीपत्रक वाचून जे ओठांवर येत नाही, ते नामीची गोष्ट ऐकताना येतं.

म्हणून घरोघरच्या प्रार्थनेत ही गोष्ट सांगा. फोनवरही सांगा. शेवटी तात्पर्य जोडू नका. समोरच्याला बोलू द्या.

मात्र गोष्ट म्हणजे औषध नव्हे. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर डॉक्टरकडे न्या. धारवाडला डिम्हान्स आहे. मरणाची भाषा निघाली, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. लगेच १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे. वैद्यालाही देवानेच घडवलं, हे बेन सिराच्या ३८व्या अध्यायात आहे. डॉक्टरकडे जाणाऱ्याला अविश्वासू म्हणणाऱ्यांनी तो अध्याय एकदा उघडावा.