स्पीड टेस्टच्या आकड्यावर तक्रार बंद करताना

ग्राहकाने तक्रार करायची, आपल्या माणसाने जाऊन त्याच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायची आणि प्लॅनइतका आकडा दिसला की स्क्रीनशॉट काढून तक्रार बंद करायची, ही रीत आपल्या धंद्यात इतकी रुळली आहे की तिच्यावर शंका घेणे कुणाला विक्षिप्तपणाचे वाटेल. तरीही शंका घ्यायला हवी. चाचणी खोटा आकडा देते असा आरोप कुणीच करणार नाही. अडचण अशी की ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो ग्राहकाने बहुधा विचारलेलाच नसतो.

ऊकलाची स्पीडटेस्ट घ्या. कमी पिंगचा जवळचा सर्व्हर ती आपणहून निवडते आणि त्याच्याशी एकाच वेळी अनेक टीसीपी कनेक्शन उघडून लाइन भरून टाकते. यातले बरेच सर्व्हर इंटरनेट पुरवठादारांनीच आपल्या नेटवर्कमध्ये बसवलेले असतात. सर्व्हर आपल्याच पीओपीमध्ये असेल तर चाचणीचा डेटा अपलिंकपर्यंत पोहोचतच नाही; मोजला जातो तो ग्राहकाच्या ओएनयूपासून पीओपीपर्यंतचा तुकडा. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये काढलेली फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा ओढते, म्हणजे आपल्याकडे त्यांचा कॅशे असेल तर ती कॅशेपर्यंतचा रस्ता मोजते. मेजरमेंट लॅबची एनडीटी पुरवठादाराच्या नेटवर्कबाहेरच्या सर्व्हरशी एकच कनेक्शन करून पाहते. एकाच लाइनवर या तिघींचे तीन आकडे येतील, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते हिशेबाने पाहता येते. टीसीपीच्या एका कनेक्शनचा वेग पॅकेट लॉस आणि पिंग या दोहोंवर ठरतो. दहा हजारांत एक पॅकेट गळत असेल आणि पिंग २० मिलिसेकंद असेल, तर मॅथिस यांच्या १९९७ च्या सूत्रानुसार जुन्या रेनो पद्धतीच्या एका कनेक्शनला सुमारे ७० एमबीपीएस मिळतात. तेवढ्याच गळतीवर पिंग २ मिलिसेकंद झाला की तेच सूत्र ७०० एमबीपीएस दाखवते. टीसीपीच्या नव्या पद्धतींपैकी क्युबिक गळती अधिक सोसते, बीबीआर तर तिची फारशी पर्वाच करत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे बदलतील. पण मुद्दा तोच राहतो: सर्व्हर जवळचा आणि कनेक्शन अनेक असली की गळती झाकली जाते. मळक्या कनेक्टरने किंवा भरलेल्या पोर्टने पॅकेट गळत असतील, तर जो दोष शोधायला आपला माणूस गेला, तोच दोष ही चाचणी त्याच्यापासून लपवते.

यावर कुणी म्हणेल, मग बाहेरच्या सर्व्हरवरचा आकडा खरा धरा. तोही न्याय नाही. एमआयटीच्या बॉवर, क्लार्क आणि लेर यांनी २०१० मध्येच दाखवले होते की लाइनचा वेग कमी दाखवणाऱ्या कित्येक चाचण्यांत अडसर पुरवठादाराच्या लाइनचा नसून ग्राहकाच्या संगणकातल्या रिसीव्ह विंडोचा होता. आज विंडोची जागा वाय-फायने घेतली आहे. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये एका अँटेनाच्या एन दर्जाच्या फोनचा लिंक रेटच ७२ एमबीपीएस असतो. त्यावर २०० चा प्लॅन तपासून काय कळणार? राउटरचा पोर्ट फास्ट इथरनेटचा असेल तर आकडा ९५ च्या आसपास अडकतो आणि शिव्या मात्र ऑपरेटरला बसतात.

शिवाय ग्राहकाची तक्रार पुष्कळदा वेगाची नसतेच. घरातल्या कुणाचे फोटो अपलोड होत असताना व्हिडिओ कॉल तुटतो, कारण राउटरच्या फुगलेल्या बफरमध्ये पॅकेट रांगेत थांबतात. जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव देऊन दीड दशक होत आले. लाइन रिकामी असतानाचा पिंग इथे निरुपयोगी. लाइन भरलेली असतानाचा पिंग हवा. आता स्पीडटेस्टही तो दाखवते, पण आपण स्क्रीनशॉटमध्ये पाहतो तो मोठ्या अक्षरातला आकडाच. वेळेचेही तसेच. जीपीओएनचे २.४८८ गिगाबिट ६४ घरांत वाटले की प्रत्येकी ३९ एमबीपीएसही येत नाहीत. सगळे एकदम डाउनलोड करत नाहीत म्हणून ते चालून जाते, पण सकाळी अकराची चाचणी रात्री नऊचे काहीच सिद्ध करत नाही.

आपल्या नेटवर्कच्या कडेपलीकडे आपली जबाबदारी नाही, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. परदेशातला सर्व्हर मंद असेल तर ऑपरेटर काय करणार, हे मान्य. पण अपलिंक किती घ्यायची, पीअरिंग कुठे करायचे, स्प्लिटर किती घरांचा ठेवायचा हे निर्णय आपलेच असतात. ग्राहकाने पैसे मोजले ते इंटरनेटसाठी. आपल्या पीओपीपर्यंत पोहोचणे त्याला पुरेसे नाही. ‘लोकांना एकच आकडा कळतो’ हा दुसरा बचाव त्याहून लटका. लोकांना तो एक आकडा आपल्याच जाहिरातींनी शिकवला.

म्हणून वाचक ऑपरेटरांना विनंती आहे की स्क्रीनशॉटवर तक्रार बंद करण्याची मुभा काढून घ्या. चाचणी लॅपटॉपला केबल लावून करावी, एकदा पीओपीतल्या आणि एकदा बाहेरच्या सर्व्हरवर. आणि सर्व्हरचे नाव, वेळ, लाइन भरलेली असतानाचा पिंग हे सारे जॉब शीटवर लिहावे. तक्रार रात्रीची असेल तर माणूस रात्रीच पाठवा.