बनशंकरीचा उपग्रह आणि फिनलंडचा कायदा

संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली आणि ३ नोव्हेंबरला त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. एवढी मोठी रक्कम खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी यापूर्वी कधी बाजूला काढली गेली नव्हती. तिचे स्वागत व्हायलाच हवे. मात्र या योजनेतून मिळते ते दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे वा बिनव्याजी कर्ज आणि भागभांडवल. तेही तंत्रज्ञान सज्जतेच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध होऊन, पोहोचल्यानंतर. पहिल्या तीन पायऱ्या कोणी, कोणाच्या पैशाने आणि किती काळ चढायच्या, या प्रश्नाला हा निधी हात घालत नाही. देशाच्या विज्ञान धोरणातील खरी गळती तिथेच आहे.

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी तिसऱ्या टप्प्यात, रिंग रोडवर पीईएस विद्यापीठ आहे. तिथे तयार झालेला ‘पायसॅट’ हा सुमारे सव्वापाच किलोंचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून अवकाशात गेला. त्याच उड्डाणात आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ होता. तीनच महिने आधी, २२ जूनला, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी३४ मधून झेपावला होता. एका वर्षात बनशंकरी, पवई आणि शिवाजीनगर असे तीन शैक्षणिक परिसर पृथ्वीभोवती फिरू लागले. त्या वेळी वृत्तपत्रांनी कौतुक केले, संस्थांनी सत्कार केले, आणि ते योग्यच होते.

‘प्रथम’चे काम २००७ मध्ये सुरू झाले होते, ‘स्वयम्’चे २००८ मध्ये. म्हणजे उड्डाणाला आठ-नऊ वर्षे लागली. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्यांनी पहिली आखणी केली ते प्रक्षेपणाच्या दिवशी नोकरीत वा परदेशात होते. ज्ञान एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे गेले ते वह्यांतून, फाइलींतून आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या चिकाटीतून.

आता जरा उत्तरेकडे पाहू. फिनलंडची लोकसंख्या सुमारे छप्पन्न लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. तिथल्या आल्टो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये ‘आल्टो-१’ या उपग्रहाचे काम हाती घेतले. तो २३ जून २०१७ रोजी अवकाशात गेला, तोही श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी३८ मधून. त्यांनाही सात वर्षे लागली. वेगाच्या बाबतीत पवई, पुणे आणि फिनलंड यांत फार मोठे अंतर नव्हते.

अंतर पडले ते पुढे. आल्टोतील लघुउपग्रहांच्या कामातूनच २०१४ मध्ये ‘आइसआय’ ही कंपनी उभी राहिली. नावातच तिचा मूळ प्रश्न आहे: गोठणाऱ्या समुद्रातील बर्फावर, ढगांतून आणि अंधारातूनही नजर कशी ठेवायची? जोखीम मोठी असल्याने नवख्या कंपनीला खाजगी भांडवल सहज मिळणारे नव्हते. अशा वेळी टेकेस या सरकारी संस्थेने आणि युरोपीय संघाने सार्वजनिक पैसा दिला. १२ जानेवारी २०१८ रोजी ‘आइसआय-एक्स१’ कक्षेत गेला. शंभर किलोंहून हलका असा तो जगातला पहिला रडार उपग्रह. त्याचेही प्रक्षेपण श्रीहरिकोट्याहूनच झाले, पीएसएलव्ही-सी४० मधून. आज ही कंपनी जगातील सर्वांत मोठ्या रडार उपग्रहमालिकांपैकी एक चालवते.

अग्निबाण भारताचा, तळ भारताचा, विद्यार्थ्यांची गुणवत्ता तोडीस तोड. तरीही विद्यार्थी-उपग्रहाचा उद्योग झाला तो फिनलंडमध्ये. ही तुलना हिणवण्यासाठी नाही. उणीव नेमकी कुठे होती, एवढेच ती दाखवते.

टेकेसची स्थापना १९८३ ची. त्याच वर्षी भारताने आपले तंत्रज्ञान धोरण जाहीर केले होते. त्याआधी १९५८ चा विज्ञान धोरण ठराव होता. पुढे २००३ आणि २०१३ ची धोरणे आली, २०२० मध्ये आणखी एक मसुदा आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम संशोधनावर खर्च व्हावी, हे उद्दिष्ट २००३ मध्येही लिहिले होते आणि २०१३ मध्येही. प्रत्यक्षात २०२०-२१ चा आकडा आहे ०.६४ टक्के, आणि आजही प्रत्येक चर्चेत तोच उद्धृत होतो. धोरण हा संकल्प असतो. तो मोडला तर कोणाला जाब द्यावा लागत नाही.

फिनलंडलाही हा धडा फुकट मिळालेला नाही. नोकियाचा फोनचा व्यवसाय कोसळला, सरकारनेही हात आखडता घेतला, आणि २००९ च्या सुमारास साडेतीन टक्क्यांच्या वर असलेला संशोधनखर्च पुढच्या काही वर्षांत तीन टक्क्यांखाली आला. त्यानंतर तिथल्या राजकीय पक्षांनी एकत्र बसून कायदाच केला. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू आहे. २०३० पर्यंत एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर न्यायचा आणि त्यातला सरकारचा वाटा १.२ टक्के असेल, असे तो सांगतो. सरकार बदलले तरी विद्यापीठाला पुढच्या वर्षांचा अंदाज बांधता यावा, हा त्यामागचा हेतू.

भारतातही २०२३ मध्ये कायदा झाला. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान त्यातूनच उभे राहिले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचा मनोदय आहे. मात्र त्यांतले ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार अशा सरकारबाहेरच्या स्रोतांकडून यावेत, अशी अपेक्षा आहे. ज्या देशात संशोधनखर्चातील खाजगी वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास आहे, तिथे हे अनुमान धाडसाचे म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, परिस्थिती बदलली आहे. ते खरेही आहे. २०२० नंतर अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगाला खुले झाले. बिट्स पिलानीच्या दोन विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली बंगळुरूची ‘पिक्सेल’ आज स्वतःचे उपग्रह चालवते. डिसेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या ‘पोएम-४’ मंचावर शैक्षणिक संस्था आणि नवउद्योग यांची दहा उपकरणे गेली. पण ‘पिक्सेल’च्या २०२३ च्या मोठ्या गुंतवणुकीत पुढाकार गूगलचा होता. जिथे परदेशी गुंतवणूकदार पोहोचतो तिथे पैसा आहे. महाविद्यालयाच्या दुसऱ्या उपग्रहाला तो कोठून मिळणार?

आणि प्रश्नांची वाण तर मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापुरात शिरल्या, तेव्हा आभाळ भरलेले होते. पावसाळी ढगांपुढे साधा कॅमेरा आंधळा ठरतो. रडार पाहू शकते. फिनलंडच्या मुलांनी आपल्या समुद्राचा बर्फ हा प्रश्न घेतला. सांगलीचा पूर हा इथल्या मुलांचा प्रश्न का होऊ नये? त्यासाठी त्यांचे उत्तर विकत घेणारा पहिला ग्राहक हवा, आणि तो ग्राहक राज्य सरकारच असू शकते.

म्हणून मागण्या मोजक्याच आहेत. प्रतिष्ठानाच्या निधीतील ठरावीक हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवावा. ज्या महाविद्यालयाने एकदा करून दाखवले त्याला पाच वर्षांची हमी मिळावी. हा पैसा कर्ज नसावा, अनुदान असावे. प्रत्येक गटात किमान दोन अभियंते कायम नेमावेत, म्हणजे तुकडी गेली तरी ज्ञान मागे उरेल. कर्नाटक आणि महाराष्ट्र सरकारांनी पूर, पीक आणि धरणे यांची माहिती घेताना अशा गटांसाठी खरेदीचा एक कोपरा मोकळा ठेवावा. आणि संशोधनखर्चाचे आकडे दर वर्षी, वेळेवर संसदेसमोर यावेत.

एक लाख कोटींपुढे हा खर्च किरकोळ आहे. तो झाला नाही तर चौथ्या पायरीवरचा निधी तयार असेल, पण तिथवर चढून येणारे थोडेच असतील.