घारापुरीचा रविवार

मी नेरुळची. मैत्रीण घारापुरी बेटावरच्या मोराबंदरात राहते. लेणी सोमवारी बंद, म्हणून बेटाचा खरा रविवार सोमवारी. आपल्या सुट्टीला तिथल्या दुकानदारांना घोटभर पाणी प्यायची उसंत नसते.

तरी गेल्या रविवारी गेलेच. धक्क्यावरची झुंबड मागे पडली की मोराबंदर निवांत. मैत्रिणीच्या आईनं तांदळाची भाकरी अन् जवळा वाढला. "आता फ्रिज आहे गं, मासळी टिकते," मावशी म्हणाल्या. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर वीज आली ती फेब्रुवारी 2018मध्ये! लेणी 1987पासून जागतिक वारसा. गावात मात्र वीज येईपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर. समोर न्हावाशेवा बंदराच्या क्रेन रात्रभर लखलखायच्या.

आता प्रश्न बोटीचा. आमच्या किनाऱ्यासमोरचं बेट, पण मी आधी गेटवेला जाते, मग तासभर बोटीत बसते. 2022मध्ये बेलापूरच्या वॉटर टॅक्सीचा केवढा गाजावाजा झाला! मला चकचकीत टॅक्सी नको. नवी मुंबईहून साधी, परवडणारी, सकाळ-संध्याकाळची नियमित फेरी हवी, आणि तिचं वेळापत्रक बाजार, कॉलेज, दवाखान्यासाठी निघणाऱ्या बेटकऱ्यांना विचारून ठरवावं. आम्ही पाहुणे उरलेल्या जागेवर बसू.