शेजारणीच्या हातचा लाडू

दरवर्षी ३१ ऑक्टोबरची सायंकाळ झाली, की अमेरिकेतील निवासी वसाहतींतून मुलांचे थवे हिंडू लागतात. कोणी भूत झालेला असतो, कोणी चेटकीण, कोणी सांगाडा. हातात भोपळ्याच्या आकाराची नारिंगी बादली असते. दारावरची घंटा वाजते, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ अशी आरोळी होते आणि बादलीत काहीतरी पडते. रात्री घरी परतल्यावर ती बादली जमिनीवर उपडी केली, म्हणजे चॉकलेटे, गोळ्या, चघळायच्या चिवट वड्या यांचा ढीग लागतो. त्यातील प्रत्येक वस्तू कारखान्यात तयार झालेली, कारखान्याच्याच वेष्टनात बंद असलेली असते. मूल चाळीस घरांच्या दारात जाऊन आलेले असते. पण त्या चाळीस घरांपैकी एकाही घरच्या चुलीचा वास त्या ढिगाला नसतो.

साठ वर्षांपूर्वी असे नव्हते. तेव्हा त्याच बादलीत, किंवा खरे तर उशीच्या अभ्र्यात, सफरचंदे, अक्रोड, घरी भाजलेल्या कुकीज असत. आणि मेणकागदात गुंडाळलेला, मुठीहून थोरला असा मक्याच्या लाह्यांचा लाडू असे. अमेरिकन लोक त्याला ‘पॉपकॉर्न बॉल’ म्हणतात. हा लाडू हॅलोविनच्या रात्रीतून कसा हद्दपार झाला, याची हकिकत केवळ खाद्यपदार्थाची नाही. फराळाची ताटे आजही शेजारी पोहोचवणाऱ्या मराठी घरांनी ती समजून घ्यावी अशी आहे.

प्रथम लाडूविषयी. मराठी गृहिणीला त्याची कृती ऐकताक्षणीच ओळखीची वाटेल. लाह्यांचा मका ही मक्याची निराळी जात असते. तिच्या दाण्याचे कवच कठीण असते आणि आत सुमारे १४ टक्के ओलावा दडलेला असतो. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला, की आतल्या वाफेचा दाब कवचाला पेलवत नाही आणि दाणा उलटा होऊन फुलतो. अर्धा कप दाण्यांच्या सुमारे पंधरा-सोळा कप लाह्या होतात. त्या पसरट भांड्यात काढून आधी गणंग वेचायचे, कारण पाकात लपेटलेला एखादा न फुटलेला दाणा लेकराच्या दाताखाली आला तर सणाचा विरस व्हायला वेळ लागत नाही.

मग पाक. एक कप साखर, अर्धा कप कॉर्न सिरप म्हणजे मक्याच्या पिष्टापासून केलेला दाट पाक, थोडे पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर व्हिनेगर आणि दोन मोठे चमचे लोणी. जुन्या कृतींत काकवीही असते, आणि जाणकारांच्या मते खरी चव तिचीच. व्हिनेगर कशासाठी, तर ज्यासाठी आपल्याकडे पाकात लिंबू पिळतात त्यासाठी. आम्लामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. हा पाक १२४ अंशांपर्यंत उकळायचा. तापमापक नसेल तर थंड पाण्याच्या वाटीत त्याचा थेंब सोडून पाहायचा. बोटांत धरल्यावर त्याची घट्ट गोळी झाली पाहिजे. गोळीबंद पाकाची ही परीक्षा सांगली-साताऱ्याकडील कोणतीही आजी डोळे मिटून करील. पाक लाह्यांवर ओतायचा, लाकडी डावाने खालीवर करायचा आणि हाताला लोणी चोळून, गरम असतानाच लाडू वळायचे. राजगिऱ्याच्या लाडवाला हात पाण्याने ओले करतात, येथे लोण्याने, एवढाच फरक. लाडू दाबून घट्ट करू नये, लाह्यांचा चुरा होतो. आणि हात आखडता घेतला तर तो सुटतो. शिवाय मिनिटभराचा उशीर झाला तर पाक आळतो. म्हणून एकटीने करण्याचे हे काम नव्हे. एकीने ओतावे, दोघींनी वळावे, पोरांनी मेणकागदाच्या गुंडाळ्या कराव्यात, अशी ही पाककृती आहे. या प्रमाणात दहा-बारा लाडू होतात. पन्नास मुले दारात येणार असतील तर आदल्या दिवशीची अख्खी दुपार त्यात जात असे.

मका हे मूळचे अमेरिका खंडाचेच धान्य. तेथील मूलनिवासी हजारो वर्षे त्याच्या लाह्या करीत आले आहेत. पेरूच्या किनारपट्टीवर उत्खननात सापडलेले लाह्यांच्या मक्याचे अवशेष साडेसहा हजार वर्षांहून जुने आहेत. लाह्यांचा लाडू मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, आणि प्रारंभी तो हॅलोविनपेक्षा नाताळचा म्हणून अधिक मानला जाई. चार्ल्स क्रेटर्स यांनी आपले वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याच नगरीत भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे वाचकांना सांगावयास नकोच. लाह्या रस्त्यारस्त्यांवर आल्या त्या त्यानंतर.

हॅलोविन हा सणही तसा स्थलांतरितांचाच. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी तो सोबत आणला. पितरांच्या, मृतात्म्यांच्या स्मरणाशी जोडलेली ती शरदाच्या शेवटाची रात्र होती. अमेरिकेत तिला पोरांच्या खोड्यांचे रूप आले. कुंपणाची फाटके पळवणे, गाड्या छपरावर चढवणे इत्यादी. शिमग्याच्या होळीसाठी लाकडे पळवणाऱ्या आपल्याकडील टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये. १९३० च्या दशकात या खोड्यांना उपद्रवाचे स्वरूप आले, तेव्हा गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी शहाणपणाचा तोडगा काढला. मुलांना दारात बोलवावे, खाऊ द्यावा आणि फाटके वाचवावीत! महायुद्धात साखरेचे नियंत्रण आले, ते १९४७ साली उठले, आणि त्यानंतर ही प्रथा देशभर फोफावली. लाह्यांच्या लाडवाचे ते सुगीचे दिवस होते.

मग भीती आली. १९६४ साली न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर एका गृहिणीने, आता खाऊ मागण्याचे वय उलटून गेलेल्या मुलांना ‘गंमत’ म्हणून मुंग्यांचे विष आणि कुत्र्याची बिस्किटे असलेल्या पुड्या वाटल्या. कोणाला इजा झाली नाही, परंतु गवगवा देशभर झाला. सफरचंदात ब्लेड सापडल्याच्या वार्ता दर ऑक्टोबरात छापल्या जाऊ लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइडने दगावला आणि लोकांच्या मनातील संशयावर शिक्कामोर्तब झाले. त्या मुलाला विष देणारा कोणी अनोळखी शेजारी नव्हता. विम्याच्या पैशांसाठी ते कृत्य करणारा त्याचा जन्मदाता पिता होता. १९८४ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला. आणि विष कशातून दिले? घरच्या लाडवातून नव्हे, तर दुकानात मिळणाऱ्या, नळीतील आंबटगोड पुडीतून. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधात सायनाइड मिसळले गेल्याने सात जणांचे प्राण गेले. तेही कारखान्यातून आलेल्या बाटल्यांतून. त्या वर्षी कित्येक गावांनी हॅलोविनची फेरी आखडती घेतली. रुग्णालयांनी मुलांचा खाऊ क्ष-किरणांखाली तपासून देण्याची सोय केली.

विष निघाले ते विकतच्या मालातून आणि हद्दपार झाला तो घरचा लाडू, ही विसंगती त्या काळात कोणाच्या ध्यानात आली नाही, किंवा आली तरी कोणी बोलले नाही. जोएल बेस्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वार्ता धुंडाळून काढल्या आणि १९८५ साली आपला निष्कर्ष सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याचे वा गंभीर जखमी झाल्याचे एकही प्रकरण त्यांना आढळले नाही. पुढील कित्येक वर्षे ते ही नोंद अद्ययावत करीत राहिले, आणि निष्कर्ष तोच राहिला. त्या रात्रीचा खरा धोका रस्त्यावर आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या अभ्यासात असे दिसले, की हॅलोविनच्या सायंकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू आठवडाभर आधीच्या व नंतरच्या सायंकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक असतात. तरीही माता मोटारीपेक्षा लाडवाला अधिक भ्याल्या.

या भीतीचा लाभ कोणाला झाला, हे सांगण्यासाठी कारस्थान शोधण्याची आवश्यकता नाही. मिठाई उद्योगाने ही भीती निर्माण केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने रिकामी केलेली जागा मात्र त्याने पुरेपूर भरली. लहान लहान वेष्टनांतील चॉकलेटांच्या मोठ्या पिशव्या सप्टेंबरपासूनच दुकानांत रचल्या जातात. घड्याळे तासभर पुढे ठेवण्याचा उन्हाळी काळ २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत लांबला. हॅलोविनची सायंकाळ त्यामुळे अधिक उजेडाची झाली, आणि मिठाई उद्योगाने त्यासाठी पूर्वीपासून आग्रह धरलेला होता.

वेष्टनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते नाकारू नये. भुईमुगाच्या एका दाण्याने ज्याचा श्वास कोंडतो अशा मुलाच्या आईला वेष्टनावरील घटकांची यादी जीवनमरणाची वाटते. तिला शेजारणीवर विश्वास ठेव असे उपदेशणे निर्दयपणाचे ठरेल. अमेरिकेतील शाकाहारी मराठी कुटुंबांनाही त्या यादीचा आधार असतो, कारण चिवट वड्यांत आणि मार्शमेलोत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. साखरेच्या पाकातला जुना लाह्यांचा लाडू या कसोटीवर निखळ उतरतो. अलीकडे मार्शमेलो वितळवून केलेला झटपट लाडू मात्र उतरत नाही. पण हे कळण्यासाठी करणारीलाच विचारावे लागते, “बाई, पाक कशाचा केलात?” वेष्टन हा प्रश्न विचारू देत नाही, आणि ओळखीची सुरुवात तर अशाच प्रश्नांनी होते.

मराठी नियतकालिकांत हॅलोविनचा विषय निघाला, की दोनच सूर ऐकू येतात. एक, पुण्या-मुंबईच्या काही गृहसंकुलांत आणि शाळांत भोपळे-भुते मांडणाऱ्यांचा अनुकरणाचा. दुसरा, त्या अनुकरणाची टिंगल करणाऱ्यांचा. दोन्ही वरवरचे आहेत. अनुकरण करणाऱ्यांनी उचलले ते पोशाख आणि चॉकलेटे. मुले शेजाऱ्याच्या दारात जातात, शेजारी हाताने केलेले काही देतो, हा त्या सणातील खरोखर घेण्याजोगा भाग अमेरिकेतच पुसट झाल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. आणि टिंगल करणाऱ्यांनी आधी आपल्या उंबरठ्यावर पाहावे. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या घरी फोडणारी घरे शहरांत किती उरली? लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या-बत्ताशांचे पुडेही आता दुकानातूनच येतात. दिवाळीचा फराळ विकत आणण्यात वावगे काही नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात चकलीचा सोऱ्या कोणी हाती धरावा? आणि त्या विक्रीवर कित्येक महिला गृहोद्योगांची चूल पेटते. परंतु शेजारी पाठवायच्या ताटाची जागा सीलबंद चॉकलेटांच्या खोक्याने घेतली, आणि ते खोके न उघडताच तिसऱ्या घरी रवाना झाले, तर अमेरिकेत भीतीने जे घडवले ते येथे निव्वळ कंटाळ्याने घडेल.

२०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. अमेरिकेतील मराठी घरांत पहाटे अभ्यंगस्नान आणि सायंकाळी दारात अनोळखी लेकरांची रांग, असा योग जुळला. घरात चिवडा, चकल्या, लाडू यांनी डबे भरलेले. आणि दारात येणाऱ्या मुलांना द्यायला मात्र दुकानातून आणलेली चॉकलेटांची पिशवी. कारण घरचे दिले तर त्या मुलांच्या आया ते कचऱ्यात टाकतील हे माहीत असते, आणि तसे वाटणे चुकीचेही नाही. अनोळखी मुलांपुरते ते तसेच चालू द्यावे. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घराचे काय? त्या घरची माणसे नावानिशी ठाऊक असतात, त्यांच्या मुलाला कशाचे वावडे आहे ते एकदा विचारले की कळते. तेथे राजगिऱ्याचा लाडू घेऊन जायला कोणत्याही पालकसभेची अनुमती लागत नाही, आणि उलटून तेथून काकवीच्या पाकातला लाह्यांचा लाडू येणे अशक्य नाही. ज्या अमेरिकन घरांत हे लाडू आजही वळले जातात, तेथे ते असेच ओळखीच्या मुलांसाठी, कागदावर नाव लिहून ठेवले जातात.

हॅलोविन उलटला, की उरलेल्या चॉकलेटांचे करायचे काय, हा तेथील घरांपुढचा वार्षिक प्रश्न असतो. पालक ती कार्यालयात नेऊन ठेवतात. काही दंतवैद्य तर ती वजनावर विकत घेतात आणि परदेशी असलेल्या सैनिकांना धाडतात. लाह्यांच्या लाडवाबाबत हा प्रश्न कधी उद्भवत नसे. दमट हवेत तो दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो. त्यामुळे ज्या रात्री मिळाला त्याच रात्री, हाताला चिकटलेल्या पाकासकट, तो संपवावा लागे.