अबू हलीफातील मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन : सायकलीला आधी वाट, मग तंत्रज्ञान

कुवेतच्या अहमदी गव्हर्नरेटमध्ये महबूला आणि मंगफ यांच्या दरम्यान समुद्रालगत वसलेल्या अबू हलीफाची आखणी मोटारीच्या मापाने झालेली आहे. तरीही जमियाकडे (सहकारी भांडाराकडे), बकाल्याकडे (किराणा दुकानाकडे) किंवा कामावर सायकलीने जाणारा श्रमिक येथे दिसतो, आणि तो हौसेसाठी नव्हे, तर दुसरे वाहन परवडत नाही म्हणून सायकल चालवतो. सायकलीविषयीचा कोणताही विचार या माणसापासून सुरू व्हावा, या भूमिकेतून हे आवाहन करण्यात येत आहे.

तंत्रज्ञानाकडे पाहिले तर ‘स्मार्ट सायकल’ या शब्दात अनेक गोष्टी सामावतात : मोबाइलने उघडणारे कुलूप, सायकल कोठे आहे हे उपग्रहाद्वारे कळवणारे यंत्र, मागून येणारे वाहन रडारने ओळखून चालकाला सावध करणारा दिवा, आणि पायडल मारताना मोटरची जोड देणारी ई-सायकल. मात्र तंत्रज्ञान एकटे पुरत नाही, हे पुण्याने दाखवून दिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने ८२४ किलोमीटर सायकलमार्गांचा सर्वंकष आराखडा मंजूर केला आणि त्याच महिन्यात ठरावीक थांब्यांविना चालणारी भाड्याच्या सायकलींची योजनाही सुरू झाली. परंतु सलग, सुरक्षित मार्ग तयार होण्याआधीच मोडतोड आणि चोरी यांनी ती योजना खिळखिळी झाली व कंपन्यांनी काढता पाय घेतला.

कुवेतमधील अडचणी वेगळ्या आहेत. २०१६ मध्ये मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी सायकल चालवा असे कोणीही सुचवणार नाही. शिवाय इंधन स्वस्त असल्याने पैसे वाचतात हा युक्तिवादही येथे फारसा चालत नाही. तथापि, उन्हाळ्यात तापणाऱ्या दुबईत २०२० पासून भाड्याच्या सायकलींची सेवा चालू आहे, आणि कतारमध्ये दोहा ते अल खोर हा सुमारे ३३ किलोमीटरचा सलग सायकलमार्ग उभा राहिला आहे. म्हणजे ऊन हे वेळ निवडण्याचे कारण ठरते, सायकल सोडण्याचे नव्हे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१. नोव्हेंबर ते मार्च या काळात दोन आठवडे घरातील दोन किलोमीटरच्या आतील फेऱ्यांची नोंद ठेवावी आणि सायकल कोणत्या चौकात अडते ते मोबाइलच्या नकाशावर खुणेने दाखवावे. अशा नोंदी एकत्र केल्यास बलदियापुढे (नगरपालिकेपुढे) तक्रारीऐवजी पुरावा मांडता येईल.

२. इमारतीचे मालक आणि हारिस (रखवालदार) यांच्याशी बोलून तळमजल्यावर सावलीत, सायकली बांधून ठेवता येतील असा लोखंडी आडवा दांडा बसवून घ्यावा.

३. आपल्या इमारतीत वा दुकानात काम करणाऱ्या एका तरी सायकलस्वाराला पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारी पट्टी घेऊन द्यावी.

४. मोटार चालवताना सायकलीपासून किमान दीड मीटर अंतर राखावे, आणि उभ्या मोटारीचे डावे दार चालकाने उजव्या हाताने उघडावे; त्यामुळे मान आपोआप मागे वळते व येणारी सायकल दिसते.

यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना ना कोणाची मंजुरी लागते, ना थंडीची वाट पाहावी लागते. त्यांचा आरंभ आज संध्याकाळीच व्हावा.