एकतर्फी निकालाची तक्रार कोणी करावी?

निवेदन देण्याची कला सीमाभागातील मराठी माणसाइतकी क्वचितच कोणाला साधली असेल. फलकांसाठी निवेदन, परिपत्रकांच्या मराठी प्रतींसाठी निवेदन, शाळेतील शिक्षकांसाठी निवेदन. त्यांतले एकही आम्ही व्यर्थ मानत नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेली 350-अ आणि 350-ब ही कलमे राज्यघटनेत आहेत तोवर त्यांची अंमलबजावणी मागितलीच पाहिजे. परंतु जेथे निवेदन द्यावे लागत नाही, जेथे थेट मतदार होता येते, तेथे आमची जागा रिकामी का, हे आज आम्ही आमच्याच माणसांना विचारत आहोत.

प्रश्न लिब्रेऑफिसचा आहे. अर्ज, दावे, प्रश्नपत्रिका, मंडळांच्या अहवालांचे मसुदे त्यावर फुकट टंकता येतात. ते फुकट का, हे मात्र कोणी विचारत नाही. जानेवारी 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि तिच्यासोबत ओपनऑफिसही गेले. नव्या मालकाच्या मर्जीवर विसंबायचे नाही असे ठरवून कार्यकर्त्यांनी 28 सप्टेंबर 2010 रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि त्याच मूळ आज्ञावलीवर लिब्रेऑफिस उभे केले. परवाना मुक्त होता म्हणून हे शक्य झाले. मालक बदलला तरी कसणाऱ्याचा हक्क बुडत नाही, हे कूळकायद्याचेच तत्त्व म्हणा ना! 2012 साली या प्रतिष्ठानाची बर्लिनमध्ये रीतसर नोंदणी झाली.

आता वाद आहे तो पुढच्या दिशेचा. आज्ञावलीचे बरेचसे काम त्यावर सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे पगारी लोक करतात. 2020 साली एका चाचणी आवृत्तीवर ‘पर्सनल एडिशन’ अशी खूण उमटली, तेव्हा समुदायात गदारोळ झाला आणि ती काढावी लागली. त्याच वर्षी कोलॅबोरा कंपनीने ऑनलाइन आवृत्तीचे आपले काम प्रतिष्ठानाबाहेर हलवले. कंपन्यांना आम्ही खलनायक ठरवणार नाही. त्यांच्या श्रमाविना हा गाडा चालत नाही. पण कंपनी तीच दुरुस्ती आधी करणार, जिचे पैसे ग्राहक मोजतो. मराठी जोडाक्षर तुटले, तर पैसे मोजणारा ग्राहक कोण? म्हणूनच प्रतिष्ठानाने स्वतःच्या पगारावर विकासक नेमावेत आणि त्यांच्याकडे अरबी, देवनागरी अशा गुंतागुंतीच्या लिप्यांचे काम द्यावे, या धोरणाच्या बाजूने आम्ही ठामपणे उभे आहोत.

उभे आहोत म्हणजे काय? मत कोठे आहे? प्रतिष्ठानाचे संचालक मंडळ सदस्य निवडतात, आणि एकाच कंपनीच्या लोकांची त्यावर बहुसंख्या होऊ नये म्हणून घटनेतच मर्यादा घातली आहे. सदस्यत्वाला पैसे पडत नाहीत. निदान तीन महिने केलेले काम दाखवायचे आणि पुढचे सहा महिने करण्याची हमी द्यायची. भाषांतर हेही कामच धरले जाते. म्हणजे आज्ञावलीची एक ओळही न लिहिणाऱ्या मराठी शिक्षिकेचे मत आणि पगारी विकासकाचे मत सारखेच मोजले जाते. अशी मतदारयादी उघडी असताना नाव न नोंदवणाऱ्याने निकाल एकतर्फी लागला म्हणून रडू नये.

‘हे सरकारने करावे’ हा आमच्यातला पेटंट बचाव. कोणत्या सरकारने? संगणकात मराठीची ओळख ‘एमआर-आयएन’ अशी आहे: भाषा मराठी, देश भारत. राज्याचा रकानाच नाही. बेळगाव, निपाणी, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी तेथे पुण्याच्या मराठीइतकीच अधिकृत. जी मान्यता मिळवण्यासाठी आमच्या पिढ्या झिजल्या, ती येथे न मागता मिळाली आहे आणि तिची वहिवाट आम्ही करत नाही.

दुसरा बचाव, ‘आम्हाला तंत्र कळत नाही.’ पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेला समास म्हणायचे की हिंदीवरून ‘हाशिया’ उचलायचा, हा काय तंत्राचा प्रश्न आहे? वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते, नवी वाक्ये इंग्रजीत येतात. ती वेबलेटवर कोणी मराठीत केली नाहीत तर इंग्रजीच दिसतात, आणि घाईने केली तर कृत्रिम मराठी दिसते. मग त्याच शब्दांची आपण सभेत टिंगल करतो.

आणि एका भाषेची गरज अख्ख्या प्रकल्पाची दिशा बदलू शकते, याचा पुरावा हंगेरीचा आहे. शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय जोडणाऱ्या हंगेरियनला ओपनऑफिसमधला जुना शुद्धलेखन-तपासनीस मायस्पेल अपुरा पडे. लास्लो नेमेथ यांनी त्यावरून हनस्पेल रचले. पुढे ओपनऑफिसने तेच स्वीकारले, आणि फायरफॉक्स, क्रोमही तेच वापरू लागले. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असा शब्द सहज बोलणाऱ्या मराठीची अडचण त्याच जातीची आहे. हनस्पेलचा कोश ही साधी मजकूर-फाइल असते. व्याकरण जाणणारा निवृत्त मुख्याध्यापक ती तपासू शकतो.

पुढचे निवेदन टंकण्यापूर्वी एवढे करा: मजकुराची भाषा मराठी आहे ना, ते पाहा. ती हिंदी राहिली, तर ज्या टंकात दोन्ही वळणांची सोय आहे, तो ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतो. मराठीच्या मागणीचे कागद त्या वळणात छापलेले आम्ही पाहिले आहेत. मग वेबलेटवर खाते उघडा आणि आज दहा वाक्ये मराठीत करा. सदस्यत्वाच्या अर्जासाठी लागणारे तीन महिने तेव्हापासून मोजायचे आहेत.